थोरलीचं ताट

अंथुर्णे, ता. इंदापूर
रविवार, ११ फेब्रुवारी १९९६

मोईन,

तुझ्या अब्बांकडून, चांदभाईंकडून तुझा पत्ता मिळाला. त्यांनी तो पंपाच्या वॉशरच्या बिलामागे लिहून दिला. ‘हर्णै बंदर, बर्फ कारखान्याजवळ’ एवढंच आहे. पोहोचेल अशी आशा करतो. मी पत्र आधी कच्चं लिहितो, मग उतरवून काढतो, हे तुला माहीत आहे. हसू नकोस.

तू जाऊन एकोणीस दिवस झाले. बोट वाडीत धरणाच्या काठावर पालथी घालून ठेवली आहे. बोटीचे मालक म्हणून मानसिंगराव दर रविवारी विचारतात, “नाग्या, बोट कवा चालू करायची? ड्रायव्हर काय, दुसरा बघू की.” मी त्यांना सांगितलं की मशीनच्या पाण्यातल्या पंख्याची पिन तुटली आहे आणि ती मापात मिळत नाही. पिन मी बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या लेथवर कातून ठेवली आहे, पितळेची. खिशात असते. त्यांना सांगितलेलं नाही.

मी पंख्याभोवती बसवायला पिंजरा करतोय. अर्ध्या इंची पट्टी, गोल वळवून. सुटी झाल्यावर शेठ वेल्डिंगचं मशीन तासभर वापरू देतात. परत कुठल्याही जिवाला पंखा लागता कामा नये. हे मी ठरवलं आहे आणि ते होणार.

वाडीतले लोक अजून तेच बोलतात. मी मात्र कुणाला म्हटलं नाही की तू वळण जरा घाईनं घेतलंस. बोट घाटाजवळ आली की कुणाचाही हात चुकतो. मनाला लावून घेऊ नकोस.

बानूआत्या बऱ्या आहेत. त्यांचं पितळेचं ताट त्या दिवसापासून सापडत नाही. पाहुण्यांपैकी कुणी उचललं असेल असं त्यांना वाटतं.

उत्तर पाठव.

तुझा
नागेश


अंथुर्णे
रविवार, २५ फेब्रुवारी १९९६

मोईन,

तुझं पत्र नाही. ईदला येशील असं वाटलं होतं. मी बुधवारी संध्याकाळी इंदापूरला तुमच्या घरी गेलो होतो. शबानानं शीरखुर्मा दिला आणि विचारलं, “भाईजान कुठल्या कामाला लागल्यात, तुमाला तरी ठावं हाय का?” मी नाही म्हणालो. मग चांदभाईंनीच सांगितलं. तू तिथं बर्फाच्या पाट्या उचलतोस. लाँचवाल्यांना मिस्त्री पाहिजे होता, तू नको म्हणालास.

चांदभाई म्हणाले, “पोरगं म्हनतं, ह्या हातानं जीव घेतला, मशीनला हात लावायचा न्हाय. आता सांग, ज्याला आवाजावरनं वॉल्व्ह कळतो त्यानं बर्फ वाहायचा?”

मी वाटी रिकामी केली आणि एसटी धरली. रात्रभर झोप लागली नाही.

पिंजऱ्याची चाचणी घेतली. बोट पाण्यात न घालता, मशीन पिंपात उभं करून. पट्ट्यांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवलं आहे, पण पंखा एका ठिकाणी पट्टीला घासत होता. काढून पुन्हा बनवला.

धरणाचं पाणी उतरू लागलं आहे. मी काठावर खुंटी ठोकली होती, तिथून पाणी अकरा पावलं मागं गेलं. दरवर्षीपेक्षा लवकर आहे. मोजायचं तसं काही कारण नाही.

तू परत मशीनवर बस, एवढंच मला हवं आहे. त्यासाठी जे करावं लागेल ते करीन.

नागेश


अंथुर्णे
रविवार, १७ मार्च १९९६

मोईन,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन चुलीत घातली. त्यांत सगळं खरं होतं, फक्त एक गोष्ट नव्हती.

तुला माहीत असलेलंही मी पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण हेच मला चार लोकांसमोर सांगायचं आहे. एकही पायरी गाळली तर मी तिच्यामागं लपेन. मी स्वतःला ओळखतो.

बानूआत्यांचं जुनं गाव धरणात गेलं, देऊळही गेलं. देवळाच्या उंबऱ्यापुढं दगडी कासव होतं. नव्या वाडीत आल्यावर त्यांना काठाशी जिवंत कासवं दिसली. त्या म्हणायच्या, “दगडाचं खाली गेलं, जित्तं वर आलं.” तेव्हापासून दर सोमवारी कणकेचे गोळे. आपल्या धरणाचा काठ एका जागी राहत नाही. दिवाळीत पाणी बाभळीपाशी असतं, मे महिन्यात अर्धा मैल खाली. म्हणून आत्या ताट वाजवायच्या. पाणी असेल तिथं उभं राहायचं आणि वाजवायचं. कासवं जागेला नाही, आवाजाला यायची. थोरली सगळ्यात पुढं. परातीएवढी तिची पाठ, चामड्यासारखी मऊ.

२१ जानेवारीला रविवार होता. आत्या लेकीकडं सणसरला गेल्या होत्या. बारामतीचे पाहुणे बोटीत होते, आठ मोठी माणसं आणि एक मुलगी. तू मागं मशीनवर, मी पुढं. बुडालेल्या देवळाचं शिखर दाखवलं, रोहित पक्ष्यांचा थवा दाखवला. मुलगी कंटाळली होती. तिला कुणीतरी कासवाचं सांगितलं होतं. “कासव कुठंय, कासव कुठंय” असं तिनं लावलं होतं.

मोईन, ताट माझ्याजवळ होतं. सकाळी आत्यांच्या ओसरीवरून मी ते उचललं होतं आणि पुढच्या फळीखाली ठेवलं होतं. पाहुण्यांना गंमत दाखवावी, एवढंच डोक्यात होतं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. म्हणून सांगितलं नाही.

परत येताना, घाट पन्नास हातांवर असताना, मी ताट वाजवलं. काठावर वाजवलं की थोरली समोर वर येते, तशीच लांब कुठंतरी येईल असं वाटलं. आपणच आवाजाची जागा झालो आहोत आणि ती सरळ बोटीखाली येईल हे माझ्या लक्षात आलं नाही. पाहुणे मधे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांच्याआड तुला मी दिसत नव्हतो. मशीनच्या आवाजात तुला ताट ऐकू येणं शक्यच नव्हतं. तू पाण्यातल्या बाभळीचे बुंधे चुकवायला वळण घेतलंस, ते बरोबर घेतलंस. मी दर रविवारी बघत होतो, तू तिथंच आणि तसंच वळायचास. ती तिथं होती कारण मी तिला बोलावलं होतं.

दणका बसला. पिन तुटली. पाणी लाल झालं. तू पाण्यात उडी मारलीस. तुझी पाठ माझ्याकडं होती तेव्हा मी ताट बुंध्यांपाशी पाण्यात सोडलं.

मग तू तिला सदऱ्यात धरून वर घेतलंस आणि मला विचारलंस, “नाग्या, मला दिसलंच न्हाय रे. कुठनं आली ही?”

मी म्हणालो, “मला काय ठावं.”

हीच ती गोष्ट. बाकी सगळं त्यानंतरचं आहे. मानसिंगराव तुला सगळ्यांदेखत “आंधळ्या” म्हणाले, तेव्हा मी बोटीतलं पाणी उपसत होतो. उपसण्याएवढं पाणी बोटीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गेली. तू तिच्या पाठीवर हळद दाबून बसला होतास, तेव्हाही मी बोललो नाही. पहिल्या पत्रात मी ‘वळण घाईनं घेतलंस’ असं लिहिलं. ते वाक्य खोडून टाक. माझ्याजवळच्या कच्च्या प्रतीत मी खोडलं आहे.

आणि खुंटीचं कारण आहे. पाणी बुंध्यांपर्यंत उतरलं की ताट उघडं पडेल. आतापर्यंत सदतीस पावलं. वैशाखात नक्की दिसेल. ताट सापडल्यावर बोललो तर ते सांगणं होणार नाही, पकडलं जाणं होईल. म्हणून त्याआधी बोलणार आहे. तारीख ठरवली आहे, ३१ मार्च. तुला कळवलं आहे म्हणजे आता मला मागं फिरता येणार नाही.

तू पाट्या उचलू नकोस. तुझ्या हातात काही खोट नाही.

नागेश


अंथुर्णे
रविवार, ७ एप्रिल १९९६

मोईन,

सांगितलं.

ठरवल्याप्रमाणे ३१ मार्चला, गेल्या रविवारी. सकाळी आधी इंदापूरला गेलो. चांदभाई मोटारीचं वायंडिंग उकलत बसले होते. मी उभ्यानं सगळं सांगितलं, कागद हातात होता पण बघावा लागला नाही. त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी तार पूर्ण काढली. मग म्हणाले, “ईदला हितं बसून शीरखुर्मा खाल्लास.”

“व्हय.”

“दोन वाट्या.”

“एकच, चांदभाई.”

“एक खाल्ली, एक शबानानं डब्यात दिली. हिशोबाला लई पक्का हायस रे तू.” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मला एकट्याला सांगून काय उपेग? माझ्या पोराला ज्या लोकांत आंधळा म्हनलं, त्या लोकांत सांग. जा. आन सांगून झालं की हिकडं येऊ नगंस. मी बोलवीन तवा ये.”

दुपारी वाडीवर पोहोचलो. घाटावरच्या छपरात दत्तोबाच्या चहापाशी सातआठ माणसं होती. मानसिंगराव बाजेवर, बानूआत्या खाली तांदूळ निवडत. मी म्हणालो, मला काही सांगायचं आहे, मधे कुणी बोलू नका. दत्तोबा म्हणाला, “लगीन ठरलं काय?” सगळे हसले. मी त्यांचं हसणं संपू दिलं आणि पहिल्या पायरीपासून सांगितलं. ओसरी, ताट, फळी, पन्नास हात. ‘मला काय ठावं’ हे शब्द होते तसेच सांगितले.

मानसिंगराव म्हणाले, “बरं झालं बाबा, मोकळा झालास. ऱ्हाऊ दे आता. जनावर ते जनावर. एक मेला सायबाचं पावणं येणार हायती, तेवढी बोट चालू कर.”

मी म्हणालो, “मोईनला तुम्ही आंधळा म्हणालात. ते शब्द आधी माघारी घ्या.”

“मी?”

“व्हय. हितंच म्हनला व्हता, हितंच घ्या.” मी जागेवरून हललो नाही.

ते दत्तोबाकडं बघायला लागले. दत्तोबा चहा गाळायला लागला. शेवटी ते म्हणाले, “बरं. पोरगं डोळस हाय. झालं?” हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे, आठ जणांनी ऐकलं आहे.

बानूआत्या एवढा वेळ तांदूळच निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, “माझं ताट कुठं हाय?”

मी सांगितलं, बुंध्यांपाशी, पाण्यात.

“आजून बाकीची चार हायती,” त्या म्हणाल्या. “ती बी त्याच आवाजाला येत्यात. उद्या तू न्हाईस तर दुसरा कुनी वाजवील. पावन्याच्या पोरासाठनं वाजवील. मी किती जनांचं हात धरू?”

“मी पिंजरा केलाय, आत्या.”

“पिंजरा तुझ्या एका बोटीला. पलीकडच्या काठानं दोन बोटी येनार म्हनत्यात, त्यांचं काय करशील?” मग त्या म्हणाल्या, “त्यांना मीच सवय लावली. आता मोडायची. ताट हुडकून आन. रोज वाजवायचं आन खायाला घालायचं न्हाय. एक बी येईना झालं, की मग तुमची बोट पान्यात.”

मानसिंगराव उसळले, “काकी, त्याला म्हैना लागंल!”

“लागू दे. वीस वर्सं लागली शिकवाया.”

मानसिंगराव माझ्याकडं वळले. मी खिशातली पिन काढून दाखवली आणि परत खिशात ठेवली. म्हणालो, पिन मापात आहे, पण आत्या सांगतील तेव्हाच बसवीन. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या. त्या इथं लिहीत नाही.

नागेश


अंथुर्णे
रविवार, ५ मे १९९६

मोईन,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यात मला ना शिवी आहे ना माफी. ‘पिंजऱ्याच्या पट्ट्यांत अंतर किती? कमी असेल तर शेवाळ अडकून मशीन तापेल. इथं लाँचच्या पंख्यालाही समुद्रातली कासवं लागतात, मिस्त्री लोक म्हणतात नशीब.’ एवढंच. खाली सही नाही, पण अक्षर तुझं आहे.

अंतर दोन बोटं होतं. तुझं बरोबर आहे. चाचणीच्या पिंपात शेवाळ नव्हतं, म्हणून ते मला कळलं नाही. मागची बाजू मोकळी करून पुढच्या पट्ट्या तिरप्या केल्या आहेत. आकृती सोबत जोडली आहे, मापं इंचात. तिथल्या मिस्त्र्यांना दाखव. त्यांचा पंखा मोठा असणार, मापं त्या हिशोबानं वाढवावी लागतील. ते तूच करू शकतोस.

ताट १४ एप्रिलला सापडलं. गुडघाभर चिखलात दोन रविवार गेले. पाणी बुंध्यांवरून अजून पुरतं उतरलं नव्हतं, पायालाच लागलं. काळं पडलं आहे, एका बाजूला पोचा आहे. आत्यांनी ते चिंचेनं घासलं नाही. म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे तसंच.”

दुसऱ्या दिवसापासून वाजवतोय. शेठना सांगून दुसरी पाळी घेतली आहे. सकाळी पहिल्या एसटीनं वाडी, आणि दुपारी परत बारामती. एकवीस ठोके, मग पाव तास थांबायचं. आत्या येतात, पण पाण्याकडं पाठ करून बसतात. पहिल्या दिवशी ताट वाजलं आणि चारही आली. पार काठाला लागून माना वर केल्या. मी वर बघितलं तर आत्यांचा हात ओच्यात होता. सवयीनं कणीक आणली होती. त्यांनी मला विचारलं, “किती आली?”

“चार.”

“ल्हान्या कानाची हाय?”

कासवाला कुठला कान, पण मला कळलं, जिच्या मानेवर ठिपका आहे ती. मी ‘हाय’ म्हणालो.

“बघू नगं तिच्याकडं. वाजीव,” म्हणाल्या. कणीक त्यांनी घरी नेऊन गाईला घातली.

हे मी केलेल्या कामांत सगळ्यात वाईट काम आहे. ती येतात, थांबतात, पाण्यात गोल फिरतात, परत मान वर करतात. आठ दिवस चारच्या चार येत होती. मग तीन. मध्ये एक दिवस परत चार आली, त्या दिवशी माझ्या हातून ताट पडलं. गेल्या सोमवारी दोन. मी रोजचा आकडा लिहून ठेवतो.

एक मेला पाहुणे आले. मानसिंगरावांनी त्यांना काठावर हुरड्याच्या गप्पा सांगून चहावर वाटेला लावलं. बोट पालथीच होती. जाताना मला म्हणाले, “तू आन काकी मिळून माझा धंदा बुडवनार.” पण ताट वाजत असताना ते आता छपरात रेडिओ बंद करतात. तेवढं लिहायला पाहिजे.

चांदभाईंनी अजून बोलावलेलं नाही.

नागेश


अंथुर्णे
रविवार, २६ मे १९९६

मोईन,

गेल्या सोमवारी एक आलं. मंगळवारी एक, लांबूनच. बुधवारी एकही नाही. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी नाही.

आज आत्या पाण्याकडं तोंड करून बसल्या. म्हणाल्या, आज मी बघते. मी एकवीस ठोके वाजवले. पाव तास थांबलो, आणखी एकवीस वाजवले. ऊन वर आलं होतं आणि पाणी आरशासारखं होतं, काही हललं असतं तर दिसलं असतं. पलीकडं, बुडालेल्या देवळाच्या शिखरापाशी, दगडावर तीन काळे ठिपके होते. आत्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. “तितंच हायती,” म्हणाल्या. “आईकत्यात, पर येत न्हाईत.”

मग त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं रडतात, तर म्हणाल्या, “लई शान्या हायती माझ्या.”

ताट त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि घरी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. वाडीतल्या पोरांना ताकीद दिली आहे, मानसिंगरावांनी दिली, मी नाही. घाटापासून देऊळ मागं पडेपर्यंत बोट वल्ह्यानंच न्यायची आणि मशीन तिथून पुढं सुरू करायचं, हेही त्यांनी मान्य केलं. मी ते कागदावर लिहून छपरात लावलं आहे.

बोट सरळ केली. पाण्यात घातली. कुठं गळत नाही. पिंजरा बसवला, चारही बोल्ट कसले. पिन सोडून सगळं तयार आहे.

काल शबाना एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, “अब्बानं सांगितलंय, फुडच्या रविवारी जेवायला या म्हणावं. आन एकच वाटी मिळंल.” मी जाणार आहे.

मानसिंगरावांनी अंथुर्ण्याचा एक ड्रायव्हर बघितला होता. तो ट्रॅक्टर बरा चालवतो. मी त्याला पिन देणार नाही असं सांगितलं. खिळा कापून घातला तरी चालतो हे त्याला माहीत होतं, पण आत्या म्हणाल्या, “ज्याला आंधळा म्हनलं त्यालाच बसवा.” मानसिंगरावांनी त्याला परत पाठवलं.

पावसाला पंधरा दिवस आहेत. पाणी चढायला लागलं की बुंधे परत खाली जातील आणि ते वळण वल्ह्यानंही तुझ्याशिवाय कुणाला नीट घेता येत नाही.

या पाकिटात पिन ठेवली आहे. कागदात गुंडाळून वर चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे पाकीट फाटणार नाही. पितळेची आहे, जाडी पाव इंच, लांबी दीड. मी तीनदा मोजली, पण माझा हात लेथवर अजून पक्का नाही.

माप बघ. चुकलं असेल तर इथं येऊन सांग.

नागेश